‘पूर्ण आहे’ म्हणजे नक्की किती?

बोहारणीकडून पातेलं घेताना आपण काय करतो? आधी हातात घेऊन वजन बघतो. मग उजेडाकडे धरतो, बुडाला पोचा आहे का ते चाचपतो, टिचकी मारून नाद ऐकतो. डबा असेल तर झाकण लावून बघितल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही. एवढं सगळं झाल्यावर मग आणखी एक साडी द्यायची की नाही यावर घासाघीस! ही परीक्षा आपल्याला कुणी वर्गात शिकवलेली नसते. आईला, आजीला करताना बघून ती हातात उतरलेली असते.

पण मोबाइलवरच्या फोटोला टिचकी कशी मारणार?

हल्ली सोफ्यापासून सायकलीपर्यंत सगळं सेकंडहँड मोबाइलवर मिळतं. त्यातली एक वस्तू मात्र अशी, की ती हातात घेऊनही पुरी आहे की अपुरी ते कळत नाही. ती म्हणजे लेगोचे जुने सेट. एकात एक बसणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या छोट्या विटा हो! पूर्वी हे खेळणं आपल्या गावात दिसायचं ते दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेल्या एखाद्या काकांच्या बॅगेतून. आता तालुक्याच्या गावातला पाचवीतला मुलगाही आईच्या पुढ्यात मोबाइल धरतो, ‘‘आई, हा बघ ना, जुना आहे पण निम्म्या किमतीत मिळतोय.’’ आईचा जीवही निम्म्या किमतीपाशी अडकतो, कारण नवा सेट परवडत नाही. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ साली ते ७० टक्के झालं. ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत, त्यांच्या घरात तर जुन्या लेगोची चर्चा व्हिडिओ कॉलवर चालूच असते. तेव्हा मैत्रिणींनो, हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

थोडं मागे जाऊ या. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या छोट्या गावात ओले किर्क क्रिस्तियानसन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव आलं. आज आपण ओळखतो त्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. गंमत म्हणजे, तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. साठ-पासष्ट वर्षांत साचा बदलला नाही, म्हणूनच जुन्या सेटना आजही मोल आहे. आजोबांच्या विटा नातवाच्या घराला चालतात, असं दुसरं खेळणं क्वचितच सापडेल.

मग अडचण कुठे येते? तर आकड्यात. एका मोठ्या सेटमध्ये पाचशे, सातशे, नऊशे तुकडे असतात. त्यातले कित्येक तर तुरीच्या डाळीपेक्षा जरासे मोठे. असा सेट घरात येतो, वर्षभर जीव लावून खेळला जातो, मग धाकट्याच्या हातात जातो. काही तुकडे सोफ्याखाली, काही केराच्या सुपलीत, काही शेजारच्या मुलाच्या खिशात. दुसऱ्या वाढदिवसाला दुसरा सेट येतो आणि दोन्ही एकाच बादलीत पडतात. पुढे मुलगा मोठा होतो, बादली माळ्यावर जाते. वीस वर्षांनी आई घर आवरायला काढते, डबा खाली येतो, त्याचा फोटो निघतो आणि खाली ओळ लिहिली जाते, ‘सेट पूर्ण आहे.’

आता ही बाई खोटं बोलते का? बहुतेक वेळा नाही. डबा भरलेला दिसतो, पुस्तिका आहे, चित्रातलं जहाज जहाजासारखं दिसतंय. म्हणून तिच्या मते तो पूर्ण. तिने मोजलेलं नसतं, एवढंच. म्हणून जुना सेट घेताना ‘विकणारा खरा की खोटा?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते असं: ‘तुम्ही मोजलंत का? कधी? कशावरून?’ या तीन प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याचा ‘पूर्ण’ वेगळा आणि ज्याच्याकडे नाही त्याचा वेगळा.

जाहिरातींची भाषाही एकदा समजून घ्यायला हवी. ‘माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण’ म्हणजे मोजलेलं नाही. ‘जवळजवळ पूर्ण’ म्हणजे काहीतरी हरवलंय हे त्याला ठाऊक आहे, पण ते काय हे तो सांगत नाही. ‘जसं आहे तसं’ म्हणजे पार्सल फोडल्यावर फोन करू नका. ‘९९ टक्के पूर्ण’ हे तर फारच गोड वाक्य! नऊशे तुकड्यांचा एक टक्का म्हणजे नऊ तुकडे. ते नऊ तुकडे साध्या विटा असतील तर चहाच्या पैशात येतील. पण तेच नऊ म्हणजे माणसांच्या टोप्या आणि शिडं असतील, तर सेटचा जीवच गेला म्हणायचा. तेव्हा किती हरवलंय यापेक्षा काय हरवलंय हे आधी विचारायचं.

तीन जुन्या, प्रसिद्ध सेटवरून हे सांगते.

पहिला, १९७८ सालचा पिवळा किल्ला. क्रमांक ३७५. साडेसातशेहून जास्त तुकडे आणि १४ छोटी माणसं. यातले घोडेसुद्धा विटा जोडूनच करायचे. त्यामुळे विटांच्या ढिगात घोड्याचं तोंड हरवलंय की आहे, हे फोटोत कळणं मुश्कील. भिंतीच्या विटा पिवळ्या, त्या आजही मिळतात. पण सरदारांची वर-खाली होणारी शिरस्त्राणाची झापडं, ढाली, त्यांवरचे कागदी स्टिकर, हे नेमकं हरवतं आणि नेमकं महाग पडतं. शिवाय किल्ला जोडलेल्या स्थितीत दाखवला असेल तर भिंतीच्या आत कुणी लाल-निळ्या विटा भरल्या आहेत का, तेही बाहेरून दिसत नाही.

दुसरा, त्याच १९७८ पासूनचे अंतराळवीर. त्यांच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा इतका नाजूक, की तो हमखास तुटायचा. ही खोड इतकी प्रसिद्ध, की २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’ या चित्रपटात बेनी नावाच्या निळ्या अंतराळवीराला मुद्दाम तुटक्या पट्ट्याचं हेल्मेट दिलंय! तुटकं हेल्मेट मोजणीत ‘एक हेल्मेट’ म्हणूनच धरलं जातं. म्हणजे तुकडे पूर्ण आणि वस्तू मात्र मोडकी.

तिसरं, १९८९ सालचं चाच्यांचं मोठं जहाज, क्रमांक ६२८५. त्यात आठ माणसं, माकड, पोपट, तोफा, दोरखंडाच्या जाळ्या आणि लाल-पांढरी कापडी शिडं. कापड विरतं, त्याचे धागे सुटतात. याच जहाजाचा सेट २००२ साली वेगळ्या क्रमांकाने पुन्हा निघाला होता. त्यामुळे ‘१९८९ चं अस्सल’ म्हणून विकणाऱ्याला पुस्तिकेवरचा क्रमांक दाखवायला सांगावं.

या जहाजावरून माझ्या मामेबहिणीची गोष्ट आठवली. ती लग्नानंतर जर्मनीत गेली, तिथेच एका दवाखान्यात अर्धवेळ काम करते. तिच्या अकरा वर्षांच्या लेकाला हेच जहाज हवं होतं. त्यासाठी त्याने सव्वा वर्ष पैसे साठवले. वाढदिवसाचे, दात पडल्याचे, आणि सांगलीहून आजीने दिवाळीला पाठवलेले. पैसे त्याचे, म्हणून निर्णयही त्याचा असं मायलेकांचं ठरलेलं.

दोन जाहिराती समोर होत्या. एकीत लिहिलं होतं, ‘शंभर टक्के पूर्ण’. किंमत १५० युरो, फोटो एकच आणि तोही अंधुक. दुसरी एका वयस्कर बाईंची. किंमत १८० युरो, खाली ओळ, ‘मुलाच्या लहानपणीचं आहे, तो आता चाळिशीचा आहे, पूर्ण असावं.’ मुलाचं बोट अर्थातच पहिल्या जाहिरातीवर. स्वस्त आणि वर शंभर टक्के!

बहिणीने दोघांनाही एकच निरोप पाठवला. सगळी माणसं एका ओळीत ठेवून पुढून-मागून फोटो द्या, शिडं चादरीवर पसरून द्या, पुस्तिकेचं मुखपृष्ठ द्या. पहिल्याचं उत्तर आलं, ‘लिहिलंय ना पूर्ण. घ्यायचं तर घ्या.’ बाईंनी मात्र दोन दिवसांनी अकरा फोटो पाठवले. त्यात दिसलं, की माणसं आठऐवजी सहा, एक शीड नाहीच, दुसरं कडेला फाटलेलं. बाईंनाही ते तेव्हाच कळलं. त्यांनी स्वतःहूनच किंमत १२० केली.

‘‘ताई, लेक माझ्यावर असा रुसला म्हणून सांगू!’’ बहीण फोनवर सांगत होती. ‘‘म्हणे तू मुद्दाम अपुरं जहाज घ्यायला लावतेस. मी त्याला म्हटलं, राजा, इथे काय नाही ते आपल्याला माहितीये. तिथे काय आहे तेच माहीत नाही. मग तुझे सव्वा वर्षाचे पैसे कुठे टाकायचे ते तू ठरव.’’ पोरगा रात्रभर विचार करत बसला आणि सकाळी म्हणाला, ‘‘बाईंचं.’’

जहाज आलं. यादी घेऊन मायलेक दोन संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर निवडत बसले. एकूण ४१ तुकडे कमी भरले. बहुतेक बारीकसारीक. ते आणि दोन माणसं मिळून ३० युरोच्या आसपास वेगवेगळ्या ठिकाणांहून पाकिटांतून आली. हरवलेलं मूळ शीड मात्र फार महाग. ते बहिणीने जुन्या पांढऱ्या उशीच्या अभ्र्यातून कापून शिवलं, लाल पट्टे कापडाच्या रंगाने रंगवले. पोराने मित्रांना ते शीड आधी दाखवलं म्हणे, बाकीचं जहाज नंतर.

आता आपण हे पायरीपायरीने कसं करायचं ते बघू.

सगळ्यात आधी सेटचा क्रमांक मिळवायचा. तो खोक्यावर आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतो. क्रमांक नसेल तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही. क्रमांकावरून तुकड्यांची यादी काढता येते. अलीकडच्या पुस्तिकांत शेवटच्या पानांवर ही यादी असते, खूप जुन्यांत नसते. पण ब्रिकलिंक आणि रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर हजारो सेटच्या याद्या रंग आणि चित्रांसकट आहेत. ब्रिकलिंक हे डॅन जेझेक यांनी २००० साली सुरू केलं, २०१९ साली ते खुद्द लेगो कंपनीने विकत घेतलं. हरवलेला एकेक तुकडा तिथे सुटा विकतही मिळतो. यादी बघायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सेट घेण्याआधीच ती बघावी.

दुसरी पायरी वजनाची. इथे आपला स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला येतो. आठ बटणांची नेहमीची वीट सुमारे २.३ ग्रॅम भरते. प्रत्येक तुकड्याचं वजन यादीत असतं, त्यावरून सगळ्या सेटचं वजन काढता येतं. विकणाऱ्याला म्हणायचं, खोकं आणि पुस्तिका बाजूला ठेवून फक्त विटांचं वजन करून सांगा. वजन बरंच कमी भरलं तर मोठी तूट आहे. जास्त भरलं तर दुसऱ्या सेटच्या विटा मिसळल्यात. अर्थात वजन जुळलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तीन टोप्या हरवल्या तरी काटा जागचा हलत नाही.

तिसरी पायरी फोटोंची. माणसं, त्यांच्या टोप्या-हत्यारं, छापील चित्रांचे तुकडे, काचा, दारं, कापड, दोरे आणि मोटार असेल तर ती चालू स्थितीत, एवढ्यांचे फोटो मागायचे. बऱ्याच सेटची निम्मी किंमत याच गोष्टींत असते. साध्या विटांची काळजी मागाहून.

चौथी पायरी अस्सलपणाची. लेगोच्या विटेवरच्या प्रत्येक बटणावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव उठवलेलं असतं. जवळून काढलेल्या फोटोत ते दिसतं. तूट भरून काढायला दुसऱ्या कंपनीच्या विटा घातल्या असतील तर त्या इथे पकडल्या जातात. आणखी एक खूण रंगाची. लेगोने २००४ साली करड्या आणि तपकिरी रंगांची छटा बदलली. जुना करडा जरा पिवळसर झाकेचा, नवा निळसर. जुन्या सेटमध्ये निळसर करड्या विटा दिसल्या तर त्या नंतर भरलेल्या आहेत असं समजावं. खेळायला काहीच हरकत नाही, पण मग ‘मूळ आणि पूर्ण’ची किंमत द्यायची नाही.

पाचवी पायरी तब्येतीची. उन्हात राहिलेल्या पांढऱ्या, करड्या आणि निळ्या विटा पिवळ्या पडतात. काही जण त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून उजळवतात, तसं केलंय का ते विचारावं. घट्ट बसलेल्या विटा सोडवायचं छोटं अवजार १९९० साली आलं. त्याआधी पोरांचं अवजार म्हणजे दात! त्यामुळे कडांवर दातांच्या खुणा असायच्याच. १९६३ च्या आधीच्या विटा वेगळ्या प्लॅस्टिकच्या. त्या वाकड्या होतात, नीट धरत नाहीत. त्या शोकेससाठी ठीक, मुलाला खेळायला नकोत. आणि तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर असे बारीक तुकडे आणूच नयेत, नवे असोत वा जुने.

सहावी पायरी भावाची. मोजून, यादी तपासून दिलेल्या सेटला पूर्ण भाव द्यावा. त्याने दोन संध्याकाळ बसून निवडलंय, त्या कष्टाचे पैसे आहेत ते. न मोजलेल्याला मात्र अपुऱ्याचाच भाव. पुढे तो पूर्ण निघाला तर आपलं नशीब. नाही निघाला तरी हरवलेले तुकडे घ्यायला पैसे हाताशी राहतात. ‘लेगो म्हणजे सोन्यासारखी गुंतवणूक’ असंही कुणी ऐकवेल. मॉस्कोच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ ते २०१५ मधल्या सेटच्या किमती अभ्यासून वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा काढला होता, हे खरं. पण तो न उघडलेल्या, सीलबंद सेटचा. बादलीतल्या विटांना तो हिशेब लावू नये.

पैशांबाबत दोन गोष्टी कडक पाळा, बरं का. ओळख नसलेल्या माणसाला सगळे पैसे आगाऊ पाठवू नका. जमलं तर समोर बघून घ्या, नाहीतर वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायची सोय असलेला मार्ग निवडा. आणि तुम्ही स्वतः काही विकत असाल, तर पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. तसं कुणी सांगितलं तर सरळ फोन ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितक्या लवकर तितकं बरं. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

आल्यावर विटा साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा. पाणी चाळीस अंशांपेक्षा गरम नको, वॉशिंग मशीन तर नकोच. मोटारी आणि तारांचे भाग बाजूला ठेवा. चाळणीत निथळून सावलीत वाळवा. मग परातीत घेऊन रंगांप्रमाणे निवडायला बसा. पोराटोरांना सोबत घ्या. डाळ-तांदूळ निवडण्याची आपली नजर इथे फार कामाला येते.

आणि हो, तुमच्याच माळ्यावर असा डबा असेल तर भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकू नका. क्रमांक शोधा, यादीशी ताडून बघा आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा, ‘मोजलं आहे, अमुक इतके तुकडे कमी आहेत, ते हे.’ भाव थोडा कमी येईल, पण पलीकडे कुणाच्या तरी लेकाने साठवलेले पैसे असतात. त्याला आधीच कळलेली तूट सोसवते, नंतर कळलेली सोसवत नाही.

शेवटी खेळणं आहे ते. आठ बटणांच्या फक्त सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटींहून जास्त तऱ्हांनी जोडता येतात, असं गणितज्ञांनी मोजलंय. म्हणजे चार तुकडे कमी असलेल्या सेटमध्येही एखाद्या पोराचं अख्खं बालपण मावेल एवढं असतं. पण ते चार तुकडे कमी आहेत, हे घेण्याआधी कळायला हवं. तेवढं एक पक्कं विचारा आणि मग खुशाल घ्या.